वळवाचा पाऊस आणि आमचें पदभ्रमण

आमच्या सुशिक्षित वर्गांत गेल्या कांहीं वर्षांपासून समूहानें डोंगररानांत भटकण्याचा शोक झपाट्यानें वाढला आहे. शनिवारची रात्र झाली कीं पुण्यामुंबईच्या चौकांतून पाठीवर पिशव्या अडकविलेल्या तरुणतरुणींचे घोळके मोटारीची वाट पाहत उभे असलेले दिसतात. पहांटे ते एखाद्या गडाच्या पायथ्याशीं उतरतात, दुपारपर्यंत माथा गांठतात आणि रविवारीं रात्रीं आपापल्या घरीं परत येतात. पूर्वीं हा उद्योग पावसाळ्याच्या आणि हिंवाळ्याच्या दिवसांपुरता असे. आतां तो चैत्र-वैशाखांतही चालतो. आणि त्या दिवसांत अवचित आभाळ भरून येऊन सर कोसळली, तर सहल सार्थकीं लागली असें समजण्याची रूढि पडली आहे. चालण्याला आमची हरकत नाहीं. उलट, आमच्या वर्गांतील माणसें जितकीं चालतील तितकीं थोडींच, असें आम्ही मानतों. आमची तक्रार आहे ती या चालण्याबरोबर जी दृष्टि रूढ होत आहे तिच्याविषयीं. ज्या मुलुखांतून आपण चालतों त्या मुलुखाचें त्या ऋतूंत काय चाललें आहे हें जाणून घेण्याची इच्छाच ज्याला नाहीं, त्याचें पदभ्रमण करमणूक ठरेल, संस्कार ठरणार नाहीं. आणि वसंताच्या लहरी हवेंत तर तें दुसऱ्याच्या आपत्तीवर टाळ्या पिटण्याच्या थराला जातें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या विपर्यासाचें मूळ शोधूं गेल्यास तें बऱ्याच अंशीं आमच्या शिक्षणांत सांपडतें. आम्ही सुशिक्षितांनीं दोन वसंत पाठ केले. एक संस्कृत काव्यांतला. त्यांत आम्रमंजरी आहे, कोकिळ आहे, दक्षिणेकडून येणारा वारा आहे. पाऊस मात्र नाहीं. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभ ग्रीष्मानें होतो आणि शेवट वसंतानें, त्यांतला पाऊस आपल्या जागीं, म्हणजे वर्षाऋतूच्या सर्गांत, राहतो. दुसरा वसंत इंग्रजी काव्यांतला. चौसरच्या ‘कँटरबरी टेल्स’चा आरंभच एप्रिलच्या सरींनीं होतो, आणि त्या ऋतूंत यात्रेकरूंची एक मंडळी जमून प्रवासाला निघते. त्या थंड देशांत एप्रिलची सर म्हणजे लांबलेल्या हिंवाळ्यांतून सुटकेची खूण. तिच्यामागून कुरणें हिरवीं होतात, जनावरांना चारा मिळतो, पेरलेलें उगवून येतें. तेथल्या कवीनें तिचें स्वागत केलें तें यथायोग्यच. परंतु तो आनंद आम्हीं जसाच्या तसा उचलला आणि आमच्या चैत्रावर बसविला. येथें चैत्रांत कुरणें हिरवीं व्हावयाचीं नसतात. शेतांत उभें असलेलें किंवा कापून ठेवलेलें पीक घरांत यावयाचें असतें. ज्या सरीनें तेथल्या शेतकऱ्याचें साधतें त्याच सरीनें येथल्या शेतकऱ्याचें बुडतें. हा साधा भेद आमच्या लक्षांत येत नाहीं, कारण ज्या पुस्तकांतून आम्हीं ऋतु शिकलों त्यांत तो लिहिलेला नव्हता, आणि ज्या शेतांत तो दिसतो तेथें आमचें जाणें नव्हतें.

आमच्याकडील वसंताची हवा लहरी असते ती निराळ्या कारणानें. फाल्गुनापासून दख्खनच्या पठाराची जमीन तापूं लागते. सकाळीं आभाळ निरभ्र असतें, दुपारीं ऊन असह्य होतें. अशा दिवसांत समुद्रावरून दमट वारे आंत शिरले आणि वरच्या थरांतली हवा पुरेशी थंड असली, म्हणजे जमिनीलगतची तापलेली हवा वेगानें वर चढते आणि पाहतां पाहतां दहा किलोमीटरांहूनही उंच असे ढगांचे मनोरे उभे राहतात. त्यांच्या वरच्या भागांत बर्फाचे कण असतात. ते वाऱ्याबरोबर वरखालीं होतांना त्यांवर थरावर थर चढतात आणि त्यांच्याच गारा होतात. वर चढणाऱ्या वाऱ्याला हा भार पेलेनासा झाला कीं थंड हवेचा लोंढा खालीं येऊन जमिनीवर आदळतो. धूळ उठते, फांद्या मोडतात, घरांवरचे पत्रे उडतात; विजा कडाडतात आणि पाऊस कोसळूं लागतो. एका शिवारांत हाहाकार होतो, आणि दोन कोसांवरच्या गांवीं थेंबही पडत नाहीं. म्हणूनच या पावसाचा अंदाज जिल्ह्यापुरता सांगतां येतो, पण अमक्याच्या शेतावर अमक्या वेळीं तो पडेल असें आदल्या दिवशीं कोणी सांगूं शकत नाहीं. तेव्हां सकाळीं निरभ्र आभाळ पाहून निघालेल्या मंडळीस दुपारीं वादळ गांठतें, यांत नवल कांहींच नाहीं. नवल आहे तें त्या वादळाकडे पाहण्याच्या आमच्या रीतीचें.

खेड्यांतल्या माणसाच्या तोंडीं या पावसाचें नांव तो केव्हां पडला यावर ठरतें. वैशाख सरतां सरतां, रास घरीं गेल्यावर तो आला तर तो वळीव. त्यानें भुईची धग निघते, ढेकळें फुटतात, नांगरट सोपी होते, जनावरांना डबक्यांत चार दिवसांचें पाणी मिळतें. तोच पाऊस फाल्गुनांत किंवा चैत्राच्या आरंभीं आला तर तो अवकाळी, आणि त्याची गोष्टच वेगळी. गहूं उभा असला तर तो लोळतो, कापलेला असला तर दाण्याचा रंग जातो. ज्वारीचीं कणसें काळवंडतात. काढून शेतांत ठेवलेला कांदा भिजला तर तो चाळींत टिकत नाहीं. आणि उन्हाळी कांदा चाळींत भरून ठेवून पुढें भाव पाहून विकावयाचा, हाच नाशिककडील शेतकऱ्याच्या हिशेबाचा पाया. पक्व झालेल्या द्राक्षावर पाणी पडलें कीं मणी तडकतात. तासगांवच्या बाजूला द्राक्षें शेडवर वाळवून बेदाणा करतात. वाळतांना तो भिजला तर काळा पडतो आणि वर्षभराच्या कष्टाची प्रत एका रात्रींत उतरते. कोंकणांत मोहोरावर पाऊस आला तर रोग पडतो, तयार होत आलेल्या आंब्यावर गार आली तर फळ डागाळतें. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र यांवर गारांचा जो मारा झाला, त्यांत हातातोंडाशीं आलेलीं रब्बीचीं पिकें आणि फळबागा लाखों हेक्टरांवर उद्ध्वस्त झाल्या. एकाच पाण्याला खेड्यांत दोन नांवें आहेत, कारण एकांत लाभ आहे आणि दुसऱ्यांत नाश. आमच्या सहलींत मात्र दोहोंना मिळून एकच शब्द चालतो: ‘मस्त वेदर’!

हें आम्ही केवळ तर्कानें लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं चैत्रांतल्या एका रविवारीं सिन्नरच्या बाजूच्या एका डोंगरावरून सुमारें तीस जणांची मंडळी उतरत होती. आम्हीही तींत होतों. मंडळींत प्राध्यापक होते, वकील होते, बँकांतले अधिकारी होते, त्यांचीं मुलेंबाळें होतीं. दुपारीं तीनच्या सुमारास आभाळ काळें झालें, वारा सुटला आणि टपोरे थेंब पडूं लागले. सकाळपासून उन्हानें कावलेल्या मंडळीनें आनंदाचा एकच गलका केला. कोणी हात पसरून गिरक्या घेऊं लागले, कोणी गाणीं म्हणूं लागले, आणि बहुतेकांनीं खिशांतले फोन बाहेर काढले. वाटेच्या खालच्या अंगाला, हांकेच्या अंतरावर, एक शेतकरी आणि त्याची बायको काढलेल्या कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ओढीत होतीं. एक टोक दगडानें दाबावें तों वारा दुसरें उचलून टाकी. शेवटीं त्या बाईनें वर पाहून हांक दिली, “अवो दादा, या की जरा हिकडं! तेवढं टोक धरा!” ती हांक सर्वांना ऐकूं गेली. तिघे जण धांवले. त्यांत एक शाळकरी मुलगी होती. त्यांच्या मागोमाग आम्ही आमच्या वयाला झेपेल तसे उतरलों. ढीग झांकून होईपर्यंत त्याची एक बाजू भिजलीच. तो गृहस्थ म्हणाला, “सर, भाव तसा पण पडलेलाच हाय. पण भिजला तर तेवढ्यालाबी कोन घेत न्हाई.” इतकें बोलून त्यानें आम्हांस चहाचा आग्रह केला. परतीच्या मोटारींत एका सभासदानें त्या नवराबायकोच्या धडपडीचें घेतलेलें चित्र सर्वांना दाखविलें. त्याखालीं त्यानें लिहिलें होतें, ‘पहिल्या सरीची धांदल’. मोटारींतल्या बहुतेकांनीं तें कौतुकानें पाहिलें.

त्या मंडळींत दुष्ट माणूस एकही नव्हता. त्यांच्यापैकीं कोणाच्याही दारांत कोणी पडला असता तर ते धांवून गेले असते. म्हणूनच ही गोष्ट आम्हांस अधिक गंभीर वाटते. दुष्टपणानें केलेली गोष्ट दुष्टपणा सोडला कीं थांबते. अज्ञानानें केलेली गोष्ट चांगुलपणा असूनही चालूच राहते. त्यांना ढिगावरची ताडपत्री दिसली, पण ढिगाखालीं काय आहे, तें भिजलें तर काय होतें, त्यावर कोणाचें देणें फिटावयाचें आहे, यांतलें कांहींच दिसलें नाहीं. डोंगर, ढग, शेत आणि शेतकरी हीं सारीं त्यांच्या लेखीं एकाच देखाव्याचीं अंगें होतीं.

यावर कोणी म्हणतील, “आम्ही टाळ्या वाजविल्यानें पाऊस वाढला काय? आठवडाभर कचेरींत राबलेल्या माणसानें एक दिवस पावसांत भिजून आनंद केला तर कोणाचें काय बिघडलें?” पावसाचें प्रमाण टाळ्यांवर अवलंबून नाहीं हें आम्हांसही ठाऊक आहे. पण शेजारच्या घरांत माणूस आजारी असतां आपल्या घरांत वाजंत्री लावल्यानें त्याचा ताप वाढत नाहीं, म्हणून आपण ती लावतों काय? शेजाऱ्याचें दुःख आपणांस ठाऊक असतें, एवढ्याच कारणानें आपण आवरतों. प्रश्न एवढाच आहे कीं ज्याच्या बांधावरून आपण चालत आहों त्याला आपण शेजारी समजतों कीं नाहीं. आनंद करूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. वैशाखाच्या अखेरचा वळीव आला तर अवश्य भिजा. त्या दिवशीं शेतकरीही अंगणांत येऊन उभा राहतो. पण तो आनंदाचा वळीव कोणता आणि आपत्तीचा अवकाळी कोणता, हें ओळखण्याइतकी माहिती ज्याला नाहीं त्यानें स्वतःस निसर्गप्रेमी म्हणवून घेऊं नये.

परदेशांत या विषयाचा विचार कसा झाला हें पाहणें येथें उपयोगी पडेल. इंग्लंडांत मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामध्यें किंडर स्काउट नांवाचें उंच माळरान आहे. तें शिकारीच्या पक्ष्यांसाठीं राखलेलें, खाजगी मालकीचें. सामान्य माणसाला तेथें पाऊल टाकण्याची बंदी. गिरण्याकारखान्यांतल्या कामगारांना सुटीच्या दिवशीं मोकळी हवा हवी होती. १९३२ सालच्या एप्रिलच्या २४ तारखेस, रविवारीं, सुमारें चारशें तरुण हेफील्ड गांवाहून निघाले आणि बंदी मोडून त्या माळावर चढले. रखवालदारांशीं झटापट झाली, कांहीं जणांना अटक झाली, आणि पांच जणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. त्या शिक्षांनीं चळवळ दबण्याऐवजीं वाढली. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानें आणि ग्रामीण प्रदेशांत प्रवेश यांविषयींचा कायदा झाला, १९५१ सालीं तोच डोंगराळ प्रदेश त्या देशाचें पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००० सालच्या कायद्यानें तेथील माळरानांवर पायीं फिरण्याचा हक्क मान्य झाला. आम्हांस लक्षांत आणून द्यावयाचें आहे तें हें: १९५१ सालींच तेथें चालणाऱ्यांसाठीं आचारनियमांची एक संहिता प्रसिद्ध झाली. कुंपणाचें फाटक उघडलें तर लावून घ्या, शेतांतून जातांना पायवाट सोडूं नका, कुत्रें आवरून धरा, आग लागणार नाहीं याची काळजी घ्या, केरकचरा टाकूं नका, अशीं तींतलीं कलमें. हक्क आणि कर्तव्य तेथें हातांत हात घालून आलीं.

आमच्याकडे वनखात्याचीं बंधनें सोडल्यास बांधावरून चालणाऱ्या परक्याला सहसा कोणी हटकीत नाहीं. उलट, “कुठले पाव्हणे?” असें विचारून पाणी देतात. चालण्याचा हक्क आम्हांस भांडून मिळवावा लागला नाहीं. तो शेतकऱ्याच्या स्वाभाविक औदार्यानें आयता मिळाला. आयत्या मिळालेल्या वस्तूची किंमत माणसाला कळत नाहीं, तसें आमचें झालें आहे. उभ्या पिकांतून आडवाट काढणें, झाडाची कैरी न विचारतां तोडणें, बांधावर बाटल्या टाकणें, गडावरच्या पिण्याच्या टाक्यांत पोहणें, हीं आमच्या सहलींतलीं नित्याचीं कृत्यें. तीं करणाऱ्यांत पदवीधर कमी नसतात.

पण उदाहरणासाठीं इंग्लंडलाच जावें लागतें असेंही नाहीं. वसंतांत समूहानें डोंगर चढण्याची परंपरा आमच्या मुलुखांत फार जुनी आहे. चैत्र शुद्ध पक्षांत सातारा जिल्ह्यांतील शिखर शिंगणापूरला गांवोगांवच्या कावडी जातात. सासवडकडील तेल्याभुत्याची कावड मुंगी घाटाच्या उभ्या चढणीनें वर नेतात. भर उन्हांत, निसरड्या खडकावर, खांद्यावर पाण्याची जड कावड घेऊन माणसें एकमेकांच्या हातांची साखळी करून चढतात. कोणीं कोठें उभें राहावयाचें, कोणीं कोणास आधार द्यावयाचा, हें ठरलेलें असतें. चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर उंच सासनकाठ्या घेऊन हजारों माणसें येतात. त्यांनाही वाटेंत वादळ गांठतें. पण आभाळ भरून आलें कीं त्या यात्रेकरूंतला प्रत्येक जण आपल्या गांवाकडच्या शेताची चिंता करूं लागतो, कारण तो स्वतः शेतकरी असतो. त्या यात्रांत सगळेंच चांगलें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. तेथेंही घाण होते, गर्दीत अपघात होतात. तरी चालणारा आणि ज्याच्या भूमीवरून तो चालतो तो, यांच्यामध्यें तेथें परकेपणा नसतो. आमच्या सुशिक्षित मंडळींत तोच मुख्यतः असतो.

हा परकेपणा दुसऱ्याचें मन दुखवून थांबत नाहीं. तो प्रसंगीं चालणाऱ्याच्याच जिवावर उठतो. वसंतांत रानांतलें गवत वाळून कोळ झालेलें असतें. मार्च २०१८ मध्यें तमिळनाडूंत कुरंगणीच्या डोंगरांत पदभ्रमणास गेलेली एक मंडळी वणव्यांत सांपडली आणि वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. एप्रिल २०२३ मध्यें अकोला जिल्ह्यांतील पारस गांवीं वादळापासून बचावासाठीं लोक एका पत्र्याच्या मंडपाखालीं उभे राहिले, त्यावर मोठें झाड कोसळलें आणि सात जण दगावले. वीज पडून आपल्या देशांत दरवर्षीं २,००० हून अधिक माणसें मरतात, आणि त्यांत उघड्या शिवारांत काम करणारांचा भरणा मोठा. वादळाचीं चिन्हें दिसतांच माथा आणि उघडा सडा सोडावा, एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये, मेघगर्जना ऐकूं येऊं लागली म्हणजे पक्क्या घराचा आसरा घ्यावा आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास बाहेर पडूं नये, या गोष्टी कठीण नाहींत. पण ज्या मंडळीचा सारा जीव त्या ढगांचें चित्र टिपण्यांत गुंतला आहे तिच्या कानांवर गर्जना पडते ती कौतुकाची वस्तु म्हणून. गांवचा गुराखी तोंवर गुरें घेऊन खालीं उतरलेला असतो. तो कां उतरला, असें त्याला विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

पाण्याचीही तीच गोष्ट. चैत्र-वैशाखांत डोंगरांतल्या वाड्यांवर पाण्याचें दुर्भिक्ष्य असतें. एका झऱ्यावर किंवा एका हातपंपावर सबंध वाडी जगत असते. बायका पहांटे उठून पाळी लावतात. तेथें चाळीस माणसांची टोळी उतरते, प्रत्येक जण दोन बाटल्या भरतो, वर तोंडें धुतो, डोकीं भिजवितो. मागणाऱ्याला पाणी नाहीं म्हणणें त्या बायांच्या रीतींत बसत नाहीं, म्हणून त्या कांहीं बोलत नाहींत. त्यांच्या या गप्प बसण्याला आपण संमति समजतों.

दुसरा एक आक्षेप अधिक विचारार्ह आहे. “आमच्या येण्यानें खेड्यांत पैसा जातो. पिठलें-भाकरीचे पैसे मिळतात, वाटाड्याला रोजगार मिळतो, कोकम-सरबत खपतें. शहरी माणूस आला नाहीं तर या डोंगरांतल्या लोकांना उत्पन्न कशाचें?” हें खरें आहे, आणि या व्यवहाराची आम्ही किंमत कमी करीत नाहीं. परंतु तो व्यवहार कसा चालतो हेंही पाहिलें पाहिजे. पुष्कळ सहली आतां पैसे घेऊन भरविणाऱ्या मंडळ्या चालवितात. माणशीं ठरलेल्या वर्गणीचा मोठा भाग शहरांतच राहतो. ज्या घरांत तीस माणसें जेवतात त्या घरच्या बाईच्या हातीं काय पडतें याची चौकशी जेवणारांपैकीं क्वचितच कोणी करतो. आणि समजा, योग्य पैसा पोंचला. तरी पैसे दिले म्हणजे माहिती करून घेण्याची जबाबदारी संपते असें नाहीं. ज्या घरीं आपण जेवतों त्या घरच्या माणसांना यंदा ज्वारी किती झाली, हिरडा कितीला गेला, असें दोन शब्द विचारणें ही मेहेरबानी नव्हे. ती साधी रीतभात आहे. आपल्या घरीं आलेल्या पाहुण्यानें जेवून पैसे ठेवले आणि एक शब्द न बोलतां तो उठून गेला, तर आपणांस काय वाटेल?

मग करावें काय? चालणें सोडावें असें आम्ही कधींही सांगणार नाहीं. आमच्या मतें वसंतांतच अधिक चालावें, कारण आपला मुलूख जसा आहे तसा त्याच दिवसांत दिसतो. पावसाळ्यांत हिरव्या पांघरुणाखालीं सर्वच सुंदर असतें. चैत्रांत डोंगराचा उघडा सांगाडा दिसतो. माती कोठें वाहून गेली, पाणी कोठें टिकलें, कोणतें झाड या उन्हांतही तग धरून आहे, हें दिसतें. पळस, पांगारा आणि काटेसावर पानें टाकून फुललेलीं असतात, बहावा पिवळा होऊं लागतो, करवंदांना रंग चढतो. मावळांत आणि कोंकणांत पालापाचोळा पसरून भाजलेले राबाचे काळे तुकडे दिसतात. तेच पुढें भाताच्या रोपांच्या वाफ्यांचे होतात. यांतली प्रत्येक गोष्ट विचारण्याजोगी आहे, आणि विचारलें तर सांगणारा माणूस बांधावरच भेटतो.

म्हणून मंडळी लहान असावी; दहाबारा जणांपेक्षां अधिक माणसें एकत्र चालूं लागलीं कीं तीं एकमेकांशींच बोलतात, वाटेवरच्या माणसाशीं बोलत नाहींत. पहांटे निघावें आणि ऊन चढण्यापूर्वीं, निदान दुपारचे ढग जमण्यापूर्वीं, वस्तीवर यावें. पाणी आपलें आपण न्यावें. जेवणाचे पैसे घरच्या बाईच्या हातांत द्यावे. बरोबर मुलें असतील तर त्यांना शिखराच्या उंचीचे आंकडे घोकविण्याऐवजीं वाटेंत दिसलेल्या पांच पिकांचीं नांवें आणि तीं केव्हां पेरतात, केव्हां काढतात, एवढें विचारून यावयास सांगावें. आमच्या महाविद्यालयांनींही हें मनावर घ्यावें. भूगोलाच्या परीक्षेंत गारा कशा बनतात याचें उत्तर लिहून पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी गार पडल्यावर कांद्याचें काय होतें हें सांगूं शकत नसेल, तर दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाहीं. वर्गांत ढग आणि शिवार यांची गांठ आम्हीं शिक्षकांनींच घालून द्यावयास हवी.

आमच्या वर्गांतील पुष्कळांचे आजे किंवा पणजे खेड्यांतून आलेले. दोनतीन पिढ्यांपूर्वीं आमच्याही घरांत फाल्गुनांतले ढग पाहून कोणाच्या तरी पोटांत गोळा उठत असे. ती शेती सुटली, तें घर सुटलें, आणि त्याबरोबर तें ज्ञानही सुटलें. तें परत मिळविण्याचे मार्ग आतां थोडे उरले आहेत. पायीं चालणें हा त्यांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा. तोही जर आम्हीं तिकीट काढून पाहावयाच्या तमाशासारखा केला, तर ज्या भूमीचें अन्न आम्ही खातों तिची आम्हांस कधींच ओळख होणार नाहीं. येत्या चैत्रांत ज्या मंडळी बाहेर पडतील त्यांनीं निदान एवढें करावें. दुपारीं आभाळ भरून आलें, वारा सुटला, तर फोन खिशांत राहूं द्यावा, आधीं खालच्या शिवाराकडे पाहावें, आणि कोणाचें खळें किंवा ढीग उघडा पडला असेल तर उतरून ताडपत्रीचें एक टोक धरावें. तेवढें झाल्यावर पावसांत भिजण्यास आमची मुळींच हरकत नाहीं.